पाच भाकरी आणि घरातला रिकामा डबा

ताई, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचणाऱ्यांसाठी त्याचा गाभा आधी सांगतो. यजमानांची कंपनी चार महिन्यांपूर्वी बंद पडली. तुम्ही जाता त्या प्रार्थनासभेत पुढाऱ्यांनी सांगितलं, की एका मुलानं पाच भाकरी ‘पेरल्या’ म्हणून पाच हजार जेवले, तुम्हीही पेरा. तुम्ही किराण्याच्या पैशांतून दोन महिने दिलं. डबा काही भरला नाही. मग तेच म्हणाले, पोटाच्या भाकरीत काय अडकलात, आत्मिक भाकर मोठी. आता तुम्ही विचारता: तो चमत्कार खरंच घडला का? घडला असेल तर माझ्या घरी का नाही? आणि ही आत्मिक भाकर म्हणजे रिकाम्या पोटाची समजूत घालायचं साधन आहे का?

मी एकतीस वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होतो, बहुतेक नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत. हा शास्त्रपाठ किती वेळा शिकवला याचा हिशेब नाही. पहिली काही वर्षं चुकीचा शिकवला, हेही सांगून टाकतो. तुमच्या पुढाऱ्यांसारखंच मीही त्या मुलावर सगळा भार टाकत असे.

त्या मुलापासूनच सुरू करू. येशूनं पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारही शुभवर्तमानांत आहे. येशूच्या पुनरुत्थानाआधीचा दुसरा कुठलाही चमत्कार चौघांनी मिळून सांगितलेला नाही. पण मुलगा फक्त योहानाच्या सहाव्या अध्यायात येतो, तोही एका वाक्यात. येशूचा शिष्य अंद्रिया म्हणतो, इथे एक मुलगा आहे, त्याच्याजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या आहेत, पण एवढ्यांना त्या कुठं पुरणार? बस. मुलाचं नाव नाही. त्यानं आनंदानं दिल्या की कुरकुरत, ते नाही. त्याला परत काय मिळालं, तेही नाही. उरलेल्या बारा टोपल्या त्याच्या घरी गेल्या असं चौघांपैकी कुणीही लिहिलेलं नाही. त्याला शंभरपट मिळालं हे आपण व्यासपीठावरून घातलेलं मीठ आहे.

जव म्हणजे सातू, तिकडचं गरिबाचं धान्य. बायबलातल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात महागाईचा भाव दिलाय: एका दिनाराला गहू एक माप, तर जव तीन मापं. आणि ‘मासळ्या’ म्हटल्यावर ताटातला तळलेला मासा डोळ्यांपुढे आणू नका. योहानानं तिथं वापरलेला ग्रीक शब्द ‘ऑप्सारिऑन’ म्हणजे भाकरीबरोबर तोंडी लावायचं काहीतरी. गालील समुद्राच्या काठी मासे खारवायचा मोठा धंदा होता, तिथल्या मग्दाला गावाचं ग्रीक नावच त्या धंद्यावरून पडलेलं. म्हणजे सातूची भाकरी आणि तोंडी लावायला सुकट. शेतावर जाणाऱ्या आपल्या माणसाच्या फडक्यात असते तशी शिदोरी.

आता घडलं का? मी घडलं असं मानतो, पण ‘श्रद्धा आहे म्हणून’ एवढ्यावर तुमची बोळवण करत नाही. मार्क लिहितो, लोक हिरव्या गवतावर बसले. गालीलात पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा लागला की डोंगर करपतात, गवत हिरवं असतं ते वसंताच्या तोंडाला. योहान गवताचा रंग सांगत नाही, पण यहुद्यांचा वल्हांडण सण जवळ आला होता असं सांगतो, आणि तो सण वसंतातच येतो. दोघे वेगवेगळ्या बाजूंनी एकाच ऋतूवर येतात. कुणीतरी तिथं बसलेलं होतं, असं मला त्यातून वाटतं. याला पुरावा म्हणू नका, पण कानाला खरं लागतं.

जर्मन अभ्यासक पाउलुस यांनी दोनशे वर्षांपूर्वी वेगळा अर्थ लावला: लोकांनी कपड्यांत दडवलेलं जेवण येशूचं उदाहरण पाहून बाहेर काढलं आणि वाटून खाल्लं. आजही शहरातल्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, हे प्रवचन ऐकू येतं. ऐकायला छान, पण मला पटत नाही. योहान म्हणतो, जेवणानंतर लोक त्याला जबरदस्तीनं राजा करायला निघाले. शेजाऱ्यानं डबा उघडला म्हणून कुणी कुणाला राजा करत नाही.

तरी एक गोष्ट पाहा. भाकरी वाढल्याचा क्षण चौघांपैकी एकानंही वर्णन केलेला नाही. ढीग उंचावला, टोपल्या आपोआप भरल्या, असं काही नाही. मार्काच्या ग्रीकमध्ये ‘देत राहिला’ अशा अर्थाचं क्रियापद आहे. येशूनं घेतलं, आशीर्वाद दिला, मोडलं, आणि शिष्यांच्या हाती देत राहिला. शिष्य वाढत राहिले. त्याआधी शिष्यांनी शहाणा सल्ला दिला होता: लोकांना गावात पाठवा, आपलं आपण विकत घेतील. त्यावर तो म्हणाला, तुम्हीच त्यांना खायला द्या. ते म्हणाले, दोनशे दिनारांच्या भाकरी आणायच्या की काय? द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक दिनार म्हणजे एका मजुराची एका दिवसाची मजुरी. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, सोडून हिशेब केला तर ही जवळजवळ आठ महिन्यांची कमाई. हिशेब बरोबरच होता आणि येशूनं त्यांना त्यावरून रागावलेलं नाही. पण वाढपी त्यांनाच व्हावं लागलं.

मला तुम्हाला मुख्य सांगायचंय ते हेच. शास्त्रात देवानं अन्न दिल्याच्या ज्या गोष्टी आहेत, त्यांत ते अन्न जवळजवळ प्रत्येक वेळी कुणाच्या तरी हातातून जातं, आणि तो हात मध्येच थांबला तर गोष्ट बिघडते.

रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना घ्या. तो तर आकाशातून पडला, मग हात कुठला, असं तुम्ही म्हणाल. निर्गमाचा सोळावा अध्याय नीट वाचा. दरडोई एक ओमर, म्हणजे ठरलेलं एक माप. कुणी जास्त वेचला, कुणी कमी, पण मापून पाहिला तर जास्त वेचणाऱ्याचा उरला नाही आणि कमी वेचणाऱ्याला तुटला नाही. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर किडे पडले, घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट वेचायचा आणि तो शब्बाथाला टिकायचा. प्रेषित पौलानं करिंथकरांना दुसरं पत्र लिहिताना याच ओळीचा आधार घेतला, आणि कशासाठी? यरुशलेमातल्या गरीब भावंडांसाठी वर्गणी गोळा करताना. तुमच्याकडं आज उरलंय, त्यांच्याकडं तुटलंय, उद्या उलटं होईल. मान्नाचा हा अर्थ त्यानं लावला.

आणि तुमच्या सभेत ‘जो हात राखून पेरतो तो हात राखूनच कापणी करील’ हे वचन वापरलं असणार. ते याच पत्राच्या नवव्या अध्यायातलं, याच वर्गणीच्या संदर्भातलं. तो पैसा उपाशी माणसांकडं चालला होता, उपदेशकाच्या गाडीकडं नाही. आदल्याच अध्यायात पौल स्पष्ट सांगतो, की देणं ज्याच्याजवळ जे आहे त्यातून, नाही त्यातून नाही. ही ओळ व्यासपीठावरून क्वचितच वाचली जाते. गरीब विधवेनं दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांचंही, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांचंही, तसंच. तिचं कौतुक करताना मार्काच्या बाराव्या अध्यायातली तिच्या आधीची ओळ सोडून देतात. त्या ओळीत येशू अशा शास्त्र्यांपासून सावध करतो, जे विधवांची घरं गिळतात आणि लांबलचक प्रार्थना करतात.

मी आठ वर्षांचा होतो तेव्हा बहात्तरचा दुष्काळ पडला. आई खडी फोडायला जायची आणि दुष्काळी कामावर सुकडी, म्हणजे पोषणाचं तयार खाणं, मिळायची. आजी तिला ‘मान्ना’ म्हणायची. आधी डोळे मिटायला लावायची, मग हातावर ठेवायची. घरात परदेशी लाल मिलो, ज्वारीसारखं धान्य, यायचा, त्याची भाकरी तव्यावर धड उतरत नसे, आणि आम्ही पोरं नाकं मुरडायचो. आजी म्हणायची, इस्राएलही असंच रडलं होतं. पुढं शास्त्र शिकताना गणनाचा अकरावा अध्याय उघडला आणि हसू आलं: मिसरातली मासळी, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण यांची आठवण काढून लोक रडताहेत! आजी ती ओळ कधीतरी ऐकून बसली होती. सुकडी सरकारनं दिली की देवानं, हा वाद तिला पडला नव्हता. मला तेव्हा पडला होता, नंतर सुटला.

दुसरा प्रश्न, माझ्या घरी का नाही, हा जास्त अवघड. पटकन उत्तर देणाऱ्यापासून लांब राहा. येशूनं नासरेथात स्वतःच सांगितलं, की एलीया संदेष्ट्याच्या काळी साडेतीन वर्षं पाऊस नव्हता, इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण त्याला पाठवलं ते सीदोनाजवळच्या सारफथातल्या एकीकडे. बाकीच्यांचं काय झालं, लूक लिहीत नाही. त्या श्रद्धेत कमी पडल्या, असंही येशू म्हणत नाही. लोक मात्र हे ऐकून त्याला कड्यावरून लोटायला निघाले. पौल आपल्या हालअपेष्टांच्या यादीत भूक, तहान आणि कित्येक उपवास मोजतो. त्याची श्रद्धा कच्ची होती म्हणायची कुणाची छाती आहे? फिलिप्पैकरांना तो लिहितो, भरल्या पोटी आणि भुकेल्या पोटी कसं राहायचं हे मी शिकलोय. आणि पुढच्याच दमात: तरी तुम्ही माझ्या संकटात वाटा उचललात हे चांगलं केलंत.

म्हणून, ताई, तुमच्या घरी डबा भरला नाही त्याचं कारण तुमच्यात शोधू नका. कारखाना बंद पडायला तुमची प्रार्थना जबाबदार नाही.

असं बोललं की लोक लगेच केडगावच्या पंडिता रमाबाईंचं नाव घेतात: त्यांनी नाही का फक्त विश्वासावर एवढा आश्रम चालवला? चालवला, आणि म्हणूनच तो नीट पाहायला हवा. रमाबाईंचे आईवडील आणि मोठी बहीण दक्षिणेतल्या दुष्काळात उपासमारीनं गेली, म्हणजे भूक त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांची हकिकत त्यांनी वाचली होती. म्यूलर कुणापुढं हात न पसरता अनाथालयं चालवायचे आणि आयुष्यभरात सुमारे १०,००० मुलं त्यांनी सांभाळली. मुलं रिकाम्या ताटांपुढं बसून आभार मानताहेत आणि दारात पाववाला उभा राहतो, ही त्यांची गोष्ट प्रत्येक देवळात सांगतात. मला त्यांची दुसरी सवय जास्त मोलाची वाटते: आलेल्या पैशाचा हिशेब ते दरवर्षी छापून काढायचे. देवानं दिलं असं म्हणणाऱ्या माणसानं वही उघडी ठेवली होती.

रमाबाईंनी केडगावची जमीन आधी घेतली ती फळबागेसाठी, त्यांच्या शारदा सदन या शाळेला उत्पन्न व्हावं म्हणून. मग १८९६-९७चा दुष्काळ आला. बाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी मुली, तरुण विधवा घेऊन आल्या. १९००च्या सुमारास केडगावच्या या मुक्ती आश्रमात जवळपास २,००० जणी होत्या. तिथं प्रार्थना होती, तशीच शेती, विणकाम, तेलाची घाणी आणि छापखानाही होता. मुलींना ‘विश्वास ठेवा’ म्हणून चुलीपुढं बसवलं नव्हतं, हातात काम दिलं होतं. दुष्काळाच्या आधी घेतलेल्या जमिनीला मी चमत्कारच म्हणतो. कुणी दूरदृष्टी म्हटली तर भांडणार नाही.

आता आत्मिक भाकरीकडं येतो. इथं तुमच्या पुढाऱ्यांनी दोन घोडचुका एकत्र केल्यात: आधी भाकरीचं आमिष दाखवलं, ती आली नाही तेव्हा भाकरीलाच हलकं ठरवलं. येशूनं क्रम उलटा ठेवला होता. आधी पाच हजारांची पोटं भरली. दुसऱ्या दिवशी लोक त्याला शोधत कफर्णहूमला आले तेव्हा तो म्हणाला, तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता. मग म्हणाला, मी जीवनाची भाकर आहे. जेवलेल्या माणसांशी तो हे बोलला. उपाशी माणसाला ‘शब्द खा’ असं त्यानं सांगितल्याचं मला कुठं सापडत नाही. रानात सैतानाला त्यानं ‘मनुष्य केवळ भाकरीनेच जगेल असे नाही’ असं उत्तर दिलं, ते स्वतःच्या भुकेबद्दल होतं, शेजाऱ्याच्या नाही. आणि त्यातला ‘केवळ’ हा शब्द विसरायचा नाही.

एलीयाची गोष्ट तर आपल्या ‘आधी पोटोबा, मग विठोबा’च्या अगदी जवळची. ईजबेल राणीच्या भीतीनं पळून तो झुडपाखाली पडला आणि म्हणाला, आता मला मरू दे. देवदूतानं त्याला वचन ऐकवलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवला, म्हणाला, ऊठ, खा. तो जेवून परत झोपला. दुसऱ्यांदा उठवलं, परत खाऊ घातलं. मग चाळीस दिवस चालल्यावर होरेब डोंगरावर देवाची ती मंद वाणी ऐकू आली. आधी दोन जेवणं आणि झोप.

मग आत्मिक पोषण म्हणजे नेमकं काय? प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असं आपण म्हणतो, त्यातल्या ‘रोजची’साठी आलेला ‘एपिऊसिऑस’ हा ग्रीक शब्द इतका दुर्मीळ आहे, की अभ्यासक अजून त्याच्या अर्थावर भांडतात. जेरोमनं लॅटिन भाषांतर करताना तोच शब्द लूकात ‘रोजची’ आणि मत्तयात जवळपास ‘पदार्थापलीकडची’ असा दोन तऱ्हांनी घातला. एकाच शब्दात तव्यावरची भाकर आणि ती दुसरी भाकर दोन्ही मावतात. मी हे कोडं सोडवायचा नाद सोडला. दोन्ही मागतो.

आणि ती ‘खायची’ कशी? बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या संन्याशानं म्हटलंय, वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थना चव काढते. मठातले लोक त्याला रवंथच म्हणायचे, आणि गोठा पाहिलेल्या आपल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. योहानाच्या सहाव्या अध्यायात पुढंपुढं येशू ‘खाणे’साठी जो शब्द वापरतो तोही चावून चावून खाण्याचा आहे. तो ऐकूनच पुष्कळ शिष्य सोडून गेले.

तुम्ही सध्या दिवसाला चार अध्याय वाचायच्या फंदात पडू नका. स्तोत्र १३ घ्या, सहाच वचनं आहेत. त्यात ‘कोठवर’ असं चार वेळा विचारलंय. एक आठवडा तेवढंच. भांडी घासताना, रांगेत उभं असताना एक ओळ तोंडात घोळवा. स्तुती येत नसेल तर ओढूनताणून आणू नका, तक्रार हीसुद्धा शास्त्रातली प्रार्थना आहे. माझ्या अनुभवात विश्वास आटतो तो बहुतेक वेळा खोटी साक्ष द्यायला लावल्यानं. सभेत ‘प्रभूनं पुरवलं’ असं तुमच्याकडून वदवून घेत असतील तर गप्प बसा.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून खाण्याच्या विधीबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण एवढं सांगतो. भाकरीत प्रभू कसा असतो यावर मंडळ्या फुटल्या. १५२९ साली मारबुर्गला लूथरनं ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द खडूनं टेबलावर लिहून ठेवले आणि दुसरा धर्मसुधारक झ्विंग्ली याच्याशी शेवटपर्यंत जमलं नाही. वसईतले कॅथलिक बांधव मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, या भाकरीबद्दल जे मानतात ते आम्ही तसंच मानत नाही. पण पौल करिंथकरांवर ज्या गोष्टीवरून चिडला ती सगळ्यांनाच लागू आहे: एक उपाशी राहतो, दुसरा पिऊन झिंगतो, आणि तुम्ही याला प्रभूचं भोजन म्हणता?

आता करायचं काय ते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं गेलं, तेव्हा त्यांच्या लोकांनी कुरकुर केली. प्रेषितांनी त्यांना विश्वास वाढवा असं सांगितलं नाही. सात माणसं नेमली आणि वाटणी सुधारली. त्या सातांची नावं पाहा, सगळी ग्रीक. तक्रार करणाऱ्यांच्याच बाजूची माणसं वाढायला उभी केली.

तुम्हीही तशी कुरकुर करा. तुमच्या मूळ मंडळीच्या पंचांकडं जा, सासरची मंडळी असेल तर तिथल्या. हंगामाच्या सणाला देवळात धान्य, कोंबड्या, नारळ येतात, त्यांचा लिलाव होतो. तो पैसा कुठं जातो ते विचारा आणि आपली गरज सांगा. लाज वाटेल, वाटू द्या, पण जा. यजमानांचा पीएफ आणि कंपनीकडं राहिलेला पगार यांचे कागद घेऊन कामगार कार्यालयात जा, यात विश्वासाची काही कमतरता नाही. रेशनकार्डावर धान्य मिळत असेल तर ते सोडू नका.

आणि प्रार्थनासभेच्या पुढाऱ्यांना दोन महिन्यांची रक्कम लिहून चिठ्ठी द्या. भांडण नको, एवढंच लिहा, की किराण्याचे पैसे होते, घरात गरज आहे, परत मिळावेत. चिठ्ठीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. ते काय म्हणाले, मला कळवा.